वैद्यकीय इच्छापत्राविषयीचा तो संदेश खोटा आहे

माझ्या ७८ वर्षांच्या मावशीने स्वतः मागून घेतलेला वैद्यकीय इच्छापत्राचा (बरे होण्याची आशा नसताना कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवणाऱ्या ‘लिव्हिंग विल’चा) मसुदा गेल्या आठवड्यात सही न करताच परत केला. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर आलेला एक संदेश तिने वाचला होता: ‘लिव्हिंग विलवर सही केली की रुग्णालय उपचार थांबवते आणि अवयव काढून घेते, मुलांना इस्टेट लवकर मिळावी म्हणून ही सोय आहे, मॉर्फिन देऊन माणसाला संपवतात, मरणाच्या गोष्टी बोलणे आपल्या संस्कृतीत बसत नाही.’ मोठ्या मुश्किलीने ती या विषयावर बोलू लागली होती, आणि चार ओळींच्या या मजकुराने तिला पुन्हा गप्प केले. त्यामुळे त्याकडे दुर्लक्ष करणे मला शक्य नाही.

सही केली की उपचार थांबतात, हा यातला सर्वांत घातक दावा. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या खटल्यात वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची पद्धत सोपी केली. त्यानुसार, रुग्ण स्वतः निर्णय घेण्याच्या अवस्थेत नसेल आणि आजारातून बरे होण्याची आशा उरलेली नसेल, तेव्हाच हा कागद विचारात घेतला जातो. उद्या मावशीला न्यूमोनिया झाला किंवा तिचे हाड मोडले, तर तिच्यावर इतर कोणाही रुग्णासारखेच उपचार होतील. वेळ आलीच, तर आधी उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ यांचे मंडळ रुग्णाची तपासणी करते. मग दुसरे मंडळ, ज्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असतो, तो निर्णय पडताळते. इच्छापत्रात नेमलेल्या व्यक्तींची संमती लागते. आणि अंमलबजावणीपूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावे लागते. इतक्या पायऱ्या असताना ‘सही केली की संपले’ असे लिहिणाऱ्याने तो निकाल उघडूनही पाहिलेला नाही. इंजेक्शन देऊन मरण आणणे हा तर आजही गुन्हाच आहे.

अवयवदानाचा कायदा १९९४ चा, स्वतंत्र आहे आणि त्याची संमतीही वेगळी घ्यावी लागते. मॉर्फिन हे तीव्र वेदनांवरचे मान्यताप्राप्त औषध आहे. कर्करोगाच्या रुग्णाला ते योग्य मात्रेत देणे म्हणजे त्याला मारणे नव्हे.

इस्टेटीच्या मुद्द्यात मात्र अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. वृद्धांवर घरच्यांचा दबाव येतो, आणि कागदावरची सही त्या दबावाखाली झालेली असू शकते. म्हणूनच दोन साक्षीदार लागतात, तेही शक्यतो त्रयस्थ, आणि ही सही स्वेच्छेने झाल्याची खात्री नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याला करून घ्यावी लागते. शिवाय इच्छापत्र केव्हाही लेखी रद्द करता येते. ते नसेल तर निर्णय त्याच नातेवाइकांच्या हाती जातो, तोही अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर, बिलाचा आकडा समोर असताना. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत, ४२ वर्षे, भान हरपलेल्या अवस्थेत अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्या वतीने कोणी बोलायचे, हे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ठरवावे लागले, आणि तो मान न्यायालयाने त्यांची सेवा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला. त्यांना स्वतःला काय हवे होते, हे कधीच कळू शकले नाही.

संस्कृतीचे म्हणाल, तर विनोबा भावे यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनार आश्रमात अन्न आणि औषध दोन्ही नाकारले आणि १५ तारखेला देह ठेवला. महाराष्ट्राने तो निर्णय आदरानेच पाहिला.

मावशीला मी हे सगळे वाचून दाखवले आहे. तिने सही अजून केलेली नाही, पण मसुदा परत मागून घेतला आहे, आणि नेमायच्या व्यक्तींच्या रकान्यात माझ्या नावाच्या आधी तिच्या मुलीचे नाव लिहायला सांगितले आहे.