गाडीतल्या टेपच्या (म्युझिक सिस्टिमच्या) फ्यूजबद्दलचा तो व्हॉट्सअॅप मेसेज आधी डिलीट करा

परवा संध्याकाळी सेलूहून मामांचा फोन आला. "अरे, गाडीत प्लास्टिक जळाल्यासारखा वास यायलाय. टेप लावला की जास्तच येतो." मी म्हटलं, "टेप बंद करा, बॅटरीची वायर काढा, मी निघालो." परभणीहून सेलूला पोचेपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता, कारण त्याच गाडीतून मामी आणि दोन्ही पोरं दुसऱ्या दिवशी जिंतूरला लग्नाला जाणार होती.

स्टिअरिंगखालचा फ्यूजचा डबा उघडला. टेपच्या जागी निळा, म्हणजे 15 अँपिअरचा फ्यूज हवा. तिथे हिरवा बसवला होता, 30 चा. टेप बाहेर ओढला तर पिवळ्या वायरचं कव्हर इतकं मऊ झालेलं की बोट लावलं तिथे खळगा पडला. मामांना विचारलं, हा हिरवा कुणी टाकला? ते म्हणाले, "मीच टाकला. ग्रुपवर आलं होतं ना. फ्यूज सारखा उडायला लागला तर मोठा टाका म्हणून."

तो मेसेज मी मग पूर्ण वाचला. 'सीडी नसलेला स्वस्त टेप घेताय? सावधान!' असं वर लिहिलेलं आणि खाली सहा मुद्दे: सीडी नसलेला टेप हलका म्हणजे रिकामा डबा, सीडीशिवाय आवाज चांगला येत नाही, 200 वॅट लिहिलं असेल तरच घ्या, ब्लूटूथने गाडीचे सेन्सर बिघडतात, लाल आणि पिवळी वायर एकत्र पिळून जोडा, आणि फ्यूज उडत असेल तर 30 चा टाका, तोही नसेल तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळा. दोन दिवसांत हा मेसेज मला आणखी तीन ग्रुपवर दिसला, म्हणून सविस्तर लिहितोय.

सुरुवात शेवटच्या मुद्द्यापासून करतो, कारण बाकीच्यांनी फार तर पैसे वाया जातील, यात माणूस जाऊ शकतो.

फ्यूज वायरीला वाचवायला असतो. टेपला वाचवणं हे त्याचं दुसरं काम. गाडीच्या त्या लायनीतली वायर जेवढा करंट सहन करू शकते, त्याच्या आतला फ्यूज कंपनी बसवते. वायरीतून जाणारा करंट दुप्पट झाला की तिच्यातली उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. दहावीच्या विज्ञानात जूलचा नियम म्हणून हे सगळ्यांनी वाचलेलं आहे. 15 च्या जागी 30 चा फ्यूज टाकला, की वायर चौपट तापेपर्यंत तिच्यातला करंट तोडायला मध्ये कुणीच उरत नाही. चांदीचा कागद गुंडाळला तर किती अँपिअरला तुटेल याचा काही हिशेबच राहत नाही. आणि ही वायर जाते कुठून? डॅशबोर्डच्या मागून, सगळ्या प्लास्टिकच्या आणि फोमच्या मधून.

मामांचा फ्यूज उडत का होता तेही सांगतो. टेप बसवणाऱ्याने पिवळ्या वायरीचा जोड नुसता पिळून वर चिकटपट्टी लावली होती. उन्हाळ्यात बंद गाडीत तापून पट्टीचा गोंद सुटला, जोड उघडा पडला आणि खड्ड्यात गाडी आदळली की तो लोखंडी पट्टीला घासून शॉर्ट व्हायचा. म्हणजे फ्यूज आपलं काम चोख करत होता, बिघाड आहे हे प्रत्येक वेळी सांगत होता. मेसेजने त्याचं तोंड बंद करायला शिकवलं. मी जोड कापला, नीट झाळला, त्यावर तापवून आवळणारी नळी चढवली, मऊ झालेली वायर बदलली, निळा फ्यूज बसवला. खर्च शंभर रुपयेही नाही. फ्यूज दुसऱ्यांदा उडाला की इलेक्ट्रिशियनकडे जा, तिसरा टाकू नका.

लाल-पिवळी एकत्र जोडायचा सल्लाही याच जातीचा. पिवळीत कायम करंट असतो, तो टेपची मेमरी जपतो: घड्याळ, लावलेली स्टेशनं, आवाजाची सेटिंग. लाल वायरीत चावी फिरवल्यावरच करंट येतो, ती टेपला चालू-बंद करते. चावी काढली की सेटिंग पुसली जात असेल, तर बहुतेक वेळा या दोन वायरींची अदलाबदल झालेली असते. त्या जागेवर लावा, काम झालं. एकत्र पिळल्या तर चावी काढूनही टेप जागा राहतो. नुसत्या मेमरीसाठी टेप काही मिलिअँपिअर खातो. 5 धरले तर 35 अँपिअर-अवरची बॅटरी हिशेबाने 7000 तास पुरते. पण डिस्प्ले जळत राहून अर्धा अँपिअर ओढला गेला, तर तीच बॅटरी 70 तासांत, तीन दिवसांच्या आत रिकामी. चार दिवस गावाला जाऊन आल्यावर गाडीला धक्का मारायची वेळ येते आणि शिव्या बॅटरीवाल्याला बसतात. शेतात चावीशिवाय गाणी ऐकायची सोय होते म्हणून काही जण मुद्दाम असं जोडून घेतात, हे मला माहीत आहे. चावी अर्धी फिरवून ठेवा, तेवढंच काम होतं.

आता ते 200 वॅट. खोक्यावर '50 वॅट गुणिले 4' छापलेलं असतं, ते खरं मानून लोक महागडा टेप घेतात. हा हिशेब कुणीही करून बघावा. टेपच्या मागे बहुतेक वेळा 10 अँपिअरचा लाल फ्यूज असतो. इंजिन चालू असताना गाडीचं व्होल्टेज 14.4 च्या आसपास. गुणाकार केला की 144 वॅट. म्हणजे आतच 144 वॅट जायची सोय आहे, तर बाहेर सलग 200 कुठून येणार? मग तो 50 आला कुठून? 14.4 चा वर्ग भागिले स्पीकरचे 4 ओहम, उत्तर जवळपास 52. हा अँप्लिफायर पूर्ण फाटेपर्यंत ताणल्यावरचा आकडा आहे, त्यात गाणं ऐकूच येणार नाही, नुसती खरखर येईल. गाण्याची लहर शाबूत ठेवली तर त्याच गणिताने निम्मे, म्हणजे कमाल 26 वॅट निघतात, आणि आतलं नुकसान वजा जाता प्रत्यक्षात मिळतात त्याहून कमी.

यासाठी एक मोजमाप ठरलेलं आहे, सीईए-2006. त्यात 14.4 व्होल्टवर, 4 ओहमच्या स्पीकरवर, आवाजातला बिघाड 1 टक्क्याच्या आत ठेवून पॉवर मोजतात. माहितीपत्रकात या नावाने किंवा 'आरएमएस' (सलग मिळणारी पॉवर) म्हणून जो आकडा असेल तोच वाचा. छोट्या गाडीला एका स्पीकरमागे 15-20 वॅट आरएमएस भरपूर होतात. त्यावर समाधान नसेल तर पैसे स्पीकरवर घाला, फरक लगेच कानाला कळेल.

हलका म्हणजे रिकामा डबा, हे म्हणणं ऐकून तर मला रागच आला. सीडीची मोटर, लेन्स, ट्रे, स्प्रिंगा काढल्या तर वजन कमी होणारच! उलट आपल्या धुळीच्या आणि खड्ड्यांच्या रस्त्यांवर आधी बिघडायचं ते हेच. लेन्सवर धूळ बसली की गाणं अडकायचं, सीडी आतच अडकली की टेप उचकटायचा. तो त्रास गेला. डबाही आखूड झाला, त्यामुळे मागे वायरी कोंबाव्या लागत नाहीत.

आवाजाच्या बाबतीत मात्र मेसेजमध्ये अर्धं खरं आहे, ते मानतो. सीडीवर सेकंदाला 1411 किलोबिट माहिती असते. दुकानातून कार्डात भरून आणलेली गाणी बऱ्याचदा 128 ची असतात, त्यांच्यात झांजा आणि तबल्याची धार बोथट होते. पण तो दोष गाण्याच्या फाइलचा आहे, टेपचा नाही. 320 ची एमपी3 घ्या. टेप फ्लॅक (आवाज न घटवता लहान केलेली फाइल) वाचत असेल तर सीडीइतकाच आवाज पेनड्राइव्हवरून मिळतो. 16 जीबीच्या पेनड्राइव्हवर 320 ची हजारावर गाणी बसतात. पेनड्राइव्ह कॉम्प्युटरवर 'फॅट32' हा प्रकार निवडून फॉरमॅट करा, स्वस्त टेप बहुधा तेवढंच ओळखतात.

ब्लूटूथने सेन्सर बिघडत नाहीत. ते काही मिलिवॅटवर चालतं, खिशातला मोबाइल त्याच्या कितीतरी पट ताकदीने टॉवरशी बोलत असतो.

आणि ज्या गोष्टीची खरी चौकशी करायला हवी, ती या मेसेजमध्ये नाहीच. मामांना सकाळी आकाशवाणीचं परभणी केंद्र लागतं, मध्यम लहरींवर 1305 किलोहर्ट्झ. शेतीचे कार्यक्रम त्यांनी आयुष्यभर ऐकलेत. बऱ्याच स्वस्त टेपमध्ये नुसतं एफएम असतं, एएम, म्हणजे मध्यम लहरी, नसतंच. असलं तरी सेटिंग अमेरिकेचं असेल तर आकडे दहा-दहाने सरकतात, 1300 वरून थेट 1310. आपल्याकडे नऊ-नऊने सरकायला हवेत, तेव्हाच 1305 वर काटा थांबतो. मेनूमध्ये हे बदलता येतं का, ते पैसे द्यायच्या आधी दुकानातच लावून बघा. मामांच्या टेपवर ते सेटिंग चुकीचं होतं, मी बदललं. आधी खरखर, मग निवेदकाचा आवाज आला आणि मामा म्हणाले, "हे लागतच नव्हतं बघ, म्हणून तर मी नवा टेप घ्यायला निघालो होतो."