काकांची शांतता

काल जिन्यात चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी मला अडवलं. "काय रे, तू काकांना कापलंस म्हणे?"

कापलंस! काका म्हणजे काय सुरमई आहे?

सोसायटीच्या भजनी मंडळाचं गणपतीसाठीचं रेकॉर्डिंग माझ्या गळ्यात पडलं होतं. फुकट, हे सांगायला नकोच. आठ माइक, आठ ट्रॅक, तीन संध्याकाळी, आणि लॅपटॉपची डिस्क तुडुंब. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट अशा दर्जाला एकेक ट्रॅक मिनिटाला साडेआठ एमबीच्या वर खातो. आठांचे मिळून तासाला चार जीबी सहज. माणूस गातोय की नुसता उभा आहे, याच्याशी वेव्ह फाइलला, म्हणजे न दाबता साठवलेल्या आवाजाला, देणंघेणं नाही. गोणीत तांदूळ भरा नाहीतर हवा, हमाली तेवढीच. आणि आमचे कोरसवाले पाच मिनिटांत जेमतेम एक मिनिट गाणार. म्हटलं, मधली शांतता उडवू.

नेमके तेव्हाच काका आले. "बघू तरी, कसं करतोस ते." खुर्ची ओढून बसले आणि चहा सांगितला. माझ्या घरात, माझ्या बायकोला.

पडद्यावर त्यांचाच ट्रॅक होता. लांबच लांब सरळ रेघ, मध्येच चार टेकड्या.

"ही रेघ कसली?"

"तुम्ही गप्प होतात ना, ती."

"मग ती कापतोस कशाला? मी काय झोपलो होतो? ठेका धरून उभा होतो!"

"ते ऐकू येत नाही, काका."

"तुला येत नसेल." मग आवाज बारीक करून, "पेटीवाल्याची किती कापलीस?"

"पेटी सतत वाजते. तिथे कापायला काही नाहीच."

"म्हणजे कापाकापी फक्त गरिबाची. लाव ती शांतता, ऐकू दे."

आणि आम्ही दोघं अकरा मिनिटं काकांची शांतता ऐकत बसलो. पंखा. कुणाच्या तरी कुकरच्या तीन शिट्ट्या. लोकलचा भोंगा. (डोंबिवलीत खरी शांतता मिळत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. शुद्ध शांतता असती तर फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाज न बिघडवता फाइल लहान करणाऱ्या प्रकारात, दाबून तिची चिमूटभर फाइल झाली असती. पण पंखा काही दाबला जात नाही.) काका मान डोलावत होते. कशाला, देव जाणे. आणि मग माइकला तोंड लावल्यासारखी त्यांचीच स्वच्छ कुजबुज आली: "पोहे बरे होते, पण शेंगदाणे मोजून टाकलेत."

बायको चहा घेऊन दारात उभी.

"एवढं कापायला माझी हरकत नाही," काका म्हणाले.

पण गंमत अशी, की सॉफ्टवेअरची हरकत होती. मी उणे ४० डेसिबलची रेघ आखली होती, त्याखालची ती शांतता. काकांचे शेंगदाणे तिच्या वर निघाले, म्हणून ते गाणं ठरले आणि शाबूत राहिले. कोरसच्या 'हरी हरी'तला पहिला 'ह' मात्र नुसता श्वास, तो शांतता ठरून उडाला. जन्मभर दुसऱ्याची री ओढणारे आमचे सात जण आता खरोखरच 'री हरी' म्हणत होते. प्रत्येक तुकड्याची सुरुवात हाताने थोडी थोडी मागे सरकवायला मला रात्रीचा एक वाजला.

मग डिस्क पाहिली. एक एमबीसुद्धा मोकळी नाही! सॉफ्टवेअर कापत नाही, नुसतं झाकतं. मूळ फाइली फोल्डरमध्ये तशाच पाय पसरून. उरलेले तुकडे नव्याने लिहून काढून जुन्या फाइली आपल्याच हाताने पुसाव्या लागतात. त्या पुसल्या. वीस जीबी सुटले, आणि काकांना गप्प केल्याचं पातक माझ्या नावावर लागलं.

यावर एकानेही विचारलं नाही, की बाबा, एखादी हार्ड डिस्क घेऊ का तुला? मंडपाच्या लायटिंगला पैसे असतात. कमानीवर कार्यकारिणीचे फोटो छापायला असतात, तेही रंगीत. मागच्या वर्षी माइकची केबल मी माझ्या खिशातून आणली. ती परत मागितली तर खजिनदार म्हणाले, "सेवा आहे ही." त्यांच्या चहाचं बिल मात्र हिशोबात होतं.

आज सकाळी काका दारात हजर. हातात पेन ड्राइव्ह.

"सोळा जीबीचा आहे. माझं न कापलेलं सगळं यात भरून दे. नातवाला पाठवायचंय."

न कापलेलं आता जगात कुठेच नाही. शेंगदाण्यांचा तुकडा तेवढा आहे. तो देऊ का, म्हणून बायकोला विचारायला आत आलोय. ती अजून हसतेय, आणि काका बाहेर चहाची वाट बघतायत.