स्किनर यांच्या मुलीबद्दलची खोटी गोष्ट

मानसशास्त्राच्या वर्गात, बी.एड.च्या तासाला आणि पालकत्वावरच्या फॉरवर्डमध्ये एक गोष्ट वर्षानुवर्षं फिरते आहे. तिचा गोषवारा असा: ‘अमेरिकन वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी उंदरांवरचे प्रयोग पोटच्या मुलीवर केले. तिला पेटीत कोंडून वाढवलं. खटका दाबला की खाऊ, चुकलं की शिक्षा. मोठेपणी तिला वेड लागलं, तिने बापावर खटला भरला आणि शेवटी आत्महत्या केली.’ ही गोष्ट शिकवणारे शिक्षकही मला भेटले आहेत, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी पेटीबद्दल. स्किनर यांनी दोन वेगळ्या वस्तू बनवल्या होत्या. पहिली १९३०च्या दशकात हार्वर्डच्या प्रयोगशाळेत. तिच्यात उंदीर खटका दाबायचा, खाद्याची गोळी पडायची आणि किती वेगाने खटका दाबला जातो याचा आलेख कागदावर उमटायचा. आपल्या पाठ्यपुस्तकांतलं साधक अभिसंधान (वागण्याच्या परिणामांवरून शिकणं) ते हेच.

दुसरी वस्तू १९४४ची, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या घरातली. स्किनर तेव्हा तिथल्या विद्यापीठात शिकवत होते. थोरली ज्युली १९३८ची. तिच्या वेळचा अनुभव घेतलेल्या पत्नीचं, ईव्ह यांचं, म्हणणं होतं की मूल जन्माला घालण्यापेक्षा पहिली एक-दोन वर्षं निभावणं जास्त जड जातं. म्हणून धाकट्या डेबोरासाठी स्किनर यांनी एक बंदिस्त पाळणा बनवला. समोर सुरक्षित काच, आत गाळलेली ऊबदार हवा, खाली ताणलेलं कॅनव्हास आणि त्यावरून सरकणारी चादरीची लांब पट्टी. एक भाग मळला की गुंडाळी फिरवून स्वच्छ भाग पुढे घ्यायचा. मिनेसोटाच्या कडाक्याच्या थंडीत लहान मुलांना कपड्यांच्या थरांत आणि पांघरुणात गुंडाळून ठेवत. डेबोरा आत नुसत्या लंगोटावर हातपाय हलवत खेळायची. दूध पाजायला, खेळवायला तिला बाहेर घेत. आत खटका नव्हता, खाऊ नव्हता, आलेखही नव्हता. साधारण अडीच वर्षांची होईपर्यंत हा पाळणा वापरात होता.

घोटाळा झाला तो प्रसिद्धीमुळे. ऑक्टोबर १९४५मध्ये ‘लेडीज होम जर्नल’ या मासिकाने स्किनर यांचा या पाळण्यावरचा लेख छापला आणि संपादकांनी त्याला ‘पेटीतलं बाळ’ अशा अर्थाचं शीर्षक दिलं. उंदरांची पेटी त्यांच्याच नावाने ओळखली जात होती. लोकांनी दोन्ही पेट्या एक केल्या, आणि लेख न वाचता त्याबद्दल बोलणाऱ्यांनी उरलेलं रचलं.

आता वेड, खटला आणि आत्महत्या. काही आवृत्त्यांत आत्महत्येचं ठिकाणही दिलेलं असतं: मोंटाना राज्यातलं बिलिंग्ज. डेबोरा स्किनर बुझान चित्रकार झाल्या आणि लंडनमध्ये राहिल्या. २००४मध्ये एका पुस्तकाच्या निमित्ताने हीच अफवा पुन्हा उठली, तेव्हा त्यांनी स्वतः ‘गार्डियन’मध्ये लेख लिहून ती खोडून काढली: मला वेड लागलेलं नाही, मी वडिलांवर खटला भरलेला नाही, मी जिवंत आहे आणि माझे वडील प्रेमळ होते. एका हयात बाईला आपण जिवंत असल्याचं वर्तमानपत्रात सांगावं लागलं, याची मला मनापासून चीड येते. थोरल्या ज्युली शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या आणि त्यांनी आपल्या मुलींनाही तसल्याच पाळण्यात वाढवलं. बालपणी त्या पाळण्यात काही भयंकर घडताना पाहिलं असतं, तर त्यांनी तसं केलं असतं का?

शिक्षेबद्दलचा आरोप तर उलटाच आहे. स्किनर शिक्षेचे ठाम विरोधक होते. १९३८मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात खटका दाबला की तोच उलटून उंदराच्या पंजावर फटका मारायचा. उंदीर थांबले, पण थोडाच वेळ. एकूण दाबण्याची संख्या शेवटी शिक्षा न झालेल्या उंदरांइतकीच भरली. यावरून शिक्षेने वागणूक दबते, बदलत नाही, हा निष्कर्ष त्यांनी काढला आणि मुलांना मारण्याच्या विरोधात ते आयुष्यभर बोलत राहिले. छडीचं समर्थन करताना स्किनर यांचं नाव घेणाऱ्यांनी हे वाचावं.

बाप म्हणून ते कोरडे होते, असंही म्हटलं जातं. पण १९५३मध्ये पालकांच्या भेटीच्या दिवशी ते डेबोराच्या चौथीच्या गणिताच्या तासाला बसले. काही मुलांची गणितं केव्हाच सोडवून झाली होती, काहींना पहिलंही जमत नव्हतं, आणि आपलं उत्तर बरोबर की चूक हे तिथल्या तिथे कुणालाच कळत नव्हतं. ते पाहून अस्वस्थ झालेल्या स्किनर यांनी घरी जाऊन अध्यापन यंत्राची जुळवाजुळव सुरू केली: प्रत्येक मुलाने आपल्या गतीने जायचं आणि प्रत्येक उत्तराचा निकाल लगेच कळायचा.

स्किनर यांच्यावर टीका जरूर व्हावी. माणसाची भाषा केवळ प्रबलनातून, म्हणजे बक्षिसाने वागणूक पक्की होण्यातून, समजावता येते का, हा प्रश्न भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी १९५९मध्ये विचारला आणि तो जिव्हारी लागणारा होता. वागणुकीच्या शास्त्रावर समाज उभा करायचा, तर नियंत्रण करणाऱ्यांवर नियंत्रण कुणाचं, या प्रश्नाला स्किनर यांनी दिलेलं उत्तर मला पटत नाही. वर्गात या दोन प्रश्नांवर तासभर वाद घालता येतो, आणि त्यासाठी डेबोराचा खोटा मृत्यू रचण्याची गरज पडत नाही.