अंगठीतून गेली म्हणून साडी सिल्कची होत नाही

लग्नसराई तोंडावर आली की व्हॉट्सॲपवर तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो. आमच्या बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या शिलाईवाल्या बायकांत यंदाही फिरला, निपाणीच्या नातेवाइकांकडून आला, खानापूरकडच्या गिऱ्हाइकांनी तर मोबाइल पुढं करूनच दाखवला. त्याचं म्हणणं असं: शिफॉन आणि जॉर्जेट एकच, जॉर्जेट फक्त जाड. कापड अंगठीतून गेलं की प्युअर सिल्क. जाळून गोळी झाली नाही तरी प्युअर. हाताला कडक लागलं की ऑर्गेंझा. आणि नेटच्या जाळीसकट ही सगळी कापडं एकाच सुईवर, कडेला पिको मारून शिवता येतात.

यातलं बरंचसं चूक आहे, उरलेलं अर्धवट. त्या भरवशावर लोक पैसे मोजतात आणि आम्ही कात्री चालवतो, म्हणून एकेक मुद्दा नीट घेते.

मूळ घोटाळा एकच आहे. शिफॉन, जॉर्जेट, ऑर्गेंझा ही धाग्याच्या जातीची नावं नव्हेत. धाग्याला पीळ किती, वीण कशी, अंगावर कडकपणा ठेवलाय की नाही, यावरून कापड ओळखलं जातं. धागा रेशमाचा असू शकतो, तसाच पॉलिस्टरचा, नायलॉनचा किंवा व्हिस्कोसचाही (लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा). म्हणून दुकानात प्रश्न दोन विचारायचे: कापड कुठलं, आणि धागा कशाचा? खडे बाजारात उभं राहून नुसतं "प्युअर आहे का ओ?" म्हटलं की "प्युअर जॉर्जेट आहे" असं उत्तर येतं, आणि ते खोटंही नसतं. पॉलिस्टरचं जॉर्जेटसुद्धा जॉर्जेटच. लेबलवर 'फॉक्स जॉर्जेट' लिहिलं असेल तर धागा रेशमाचा नाही, बहुतेक वेळा पॉलिस्टरचा असतो, एवढं ध्यानात ठेवा.

आता शिफॉन आणि जॉर्जेट. दोन्हींची वीण साधी, एक धागा वर एक खाली, आणि दोन्हींच्या धाग्याला भरपूर पीळ, इतपत मेसेज खरा. पण जॉर्जेटचा धागा जाडसर असतो आणि त्यात डाव्या पिळाचे दोन, उजव्या पिळाचे दोन असे धागे आलटून-पालटून लावतात. हे उलटसुलट पीळ कापड तयार झाल्यावर एकमेकांना ओढतात आणि पृष्ठभागावर बारीक रवा उठतो. चिमटीत धरून अंगठा फिरवला की तो रवाळपणा लगेच कळतो. शिफॉन त्यापेक्षा पातळ आणि गुळगुळीत, त्याला थोडी चमक असते, आणि खाली छापील कागद ठेवला तर अक्षरं सहज वाचता येतात. जॉर्जेटमधून तीच अक्षरं धूसर दिसतात.

पिळाची खात्री करायची तर कडेचा एकच धागा ओढून काढा. दोन्ही टोकं धरून ताणा आणि मग टोकं हळूहळू जवळ आणा. शिफॉन किंवा जॉर्जेटचा धागा मधोमध स्वतःभोवतीच गिरकी घेऊन वेढा घालतो. ऑर्गेंझाचा धागा असं करत नाही, तो सरळच राहू पाहतो. शहापूर, वडगाव, खासबागेत गल्लोगल्ली माग चालतात. तिथल्या कुणा विणकरापुढं हा धागा धरला तर तो कापडाच्या नावाआधी पिळाचंच बोलेल.

अंगठीच्या गोष्टीचा मात्र मला खरोखर राग येतो, कारण ती सांगूनच माल खपवला जातो. अंगठीतून जाणारं कापड म्हणून ज्यांची ख्याती झाली ती दोन आठवा. एक ढाक्याची मलमल, ती सुती. दुसरी काश्मीरची शाहतूश शाल, ती लोकरीची. रेशीम दोन्हींत नाही. अंगठीनं कळतं ते एवढंच, की कापड पातळ आणि मऊ आहे. सुरतेहून येणारी साधी पॉलिस्टर शिफॉन सरसर निघून जाते. याउलट अस्सल रेशमाची, भरजरी पदराची पैठणी कुणी अंगठीत कोंबू नये, जरीची तार मोडेल.

जाळून बघण्याची परीक्षा खरी आहे, पण तिचा निष्कर्ष मेसेजनं वाकडा काढलाय. पॉलिस्टर वितळतं आणि गार झाल्यावर कडक गोळी राहते, हे बरोबर. पण गोळी झाली नाही म्हणजे रेशीम, हे कुठून आलं? व्हिस्कोस कापसासारखंच जळतं: कागद जळल्यासारखा वास आणि मऊ, राखाडी राख, गोळी नाहीच. व्हिस्कोस जॉर्जेट बाजारात चिकार आहे आणि ते मेसेजच्या परीक्षेत प्युअर सिल्क म्हणून पास होतं. रेशमाला केस जळल्याचा वास येतो, ते हळूहळू जळतं, ज्योत काढली की बहुधा विझतं, आणि काळा अवशेष बोटांत चुरला जातो. लोकरीलाही तसाच वास येतो, पण शिफॉन-जॉर्जेटच्या व्यवहारात लोकरीचा प्रश्न सहसा येत नाही.

दुसरी गोष्ट, ताणा (उभे धागे) आणि बाणा (आडवे धागे) वेगवेगळे जाळा. एका बाजूला रेशीम आणि दुसऱ्या बाजूला पॉलिस्टर असलेलं कापड सर्रास मिळतं, कोपरा एकत्र जाळला तर काहीच कळत नाही. दोन्हीकडचे चार-चार धागे काढा, पिळून वाती करा, चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळा. अख्ख्या कापडाला काडी लावू नका, वितळलेल्या पॉलिस्टरचा थेंब कातडीला चिकटतो. आणि धागे काढायची सोयच नसेल, तर सिल्क मार्कचं लेबल बघा. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकारानं 2004 पासून ते दिलं जातं. ते धागा रेशमाचा असल्याचं सांगतं. शिफॉन की जॉर्जेट, हे बोटांनीच ठरवायचं.

कडक म्हणजे ऑर्गेंझा, हेही असंच. ऑर्गंडीही कडक असते आणि ती सुती, तिला आम्लाची प्रक्रिया करून कडकपणा आणतात. साध्या मलमलीला दाट खळ दिली तर तीही दुकानात कडक लागते आणि पहिल्या धुण्यात लुळी पडते. रेशमी ऑर्गेंझाचा कडकपणा येतो रेशमाच्या अंगच्या डिंकातून. कच्च्या रेशमाच्या वजनात साधारण पाचवा ते चौथा हिस्सा हा डिंक असतो. इतर रेशमी कापडांत तो उकळून काढतात, इथं मुद्दाम राखतात. म्हणून अशी साडी सोड्याच्या किंवा साबणाच्या गरम पाण्यात घातली तर डिंक सुटतो आणि कापड कायमचं मऊ होतं, मग कितीही इस्त्री करा. स्वस्त पॉलिस्टर ऑर्गेंझात पुष्कळदा एकेरी तारेसारखा धागा असतो. तो धागा उलगडायला गेलात तर त्याच्या वेगळ्या तारा सुटत नाहीत. इस्त्री जरा जास्त तापली की ते आक्रसतं.

राहिली एकाच सुईची गोष्ट. नेटच्या जाळीवर पिको मारायची गरजच नाही, ती उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेली नसून जाळीत गुंफलेली असते, कडेला दशा सुटत नाहीत. शिफॉनला 9 नंबरची नवी सुई लावा, जॉर्जेटला 11 चालते. 16 नंबरची किंवा बोथट सुई धागा ओढते आणि शिलाईच्या रेषेत आडव्या सुरकुत्या उमटतात. टाका बारीक, दोन मिलिमीटरच्या आसपास. शिफॉन खाली सरकतं, म्हणून वर्तमानपत्राऐवजी कोऱ्या पातळ कागदावर ठेवून कापा, नाहीतर शाई लागते. ऑर्गेंझात टाचणीचं भोक राहतं, तेव्हा टाचण्या शिलाईत आत दडणाऱ्या कडेवरच (मार्जिनमध्येच) लावायच्या आणि उसवायची वेळ येऊ द्यायची नाही. कड आरपार दिसते, तिथं ओव्हरलॉकपेक्षा फ्रेंच शिलाई, म्हणजे कड आत दडवणारी दुहेरी शिलाई, शोभते.

आणि जॉर्जेटचा तिरका कापलेला अंब्रेला घेर असेल, तर कंबर शिवून तो रात्रभर टांगून ठेवा. तिरका भाग आपल्या वजनानं खाली उतरतो, काही ठिकाणी जास्त, काही ठिकाणी कमी. सकाळी जमिनीपासून माप घेऊन घेर सारखा कापायचा, खालची पट्टी त्यानंतर दुमडायची.