परवान्यापर्यंतचा हिशेब

पिंपळगाव बसवंतच्या माझ्या आतेभावाने गेल्या महिन्यात फोनवर विचारले, "दादा, परदेशात अठ्ठावीस लाखांत एमबीबीएस होतं म्हणतात. एक एकर बाग विकली तर भागेल ना?" त्याच्या मुलीची सरकारी जागा थोडक्यात हुकली आहे. नाशिकला कॉलेज रोडवरच्या एका सल्लागाराने दिलेले चार पानी माहितीपत्रक त्याने मला पाठवले. त्यात सहा वर्षांची फी, वसतिगृह आणि मेस यांचे आकडे आहेत. मुलगी भारतात रुग्ण तपासू लागेपर्यंत लागणाऱ्या पैशांचा आणि वर्षांचा आकडा मात्र कुठेच नाही.

मी स्वतः २०१२ साली असेच एक माहितीपत्रक पाहून रशियाला गेलो होतो आणि आज जर्मनीत लाइपझिग येथे रुग्णालयात काम करतो. त्या सहा वर्षांचा खर्च वडिलांनी एका लाल वहीत लिहून ठेवला आहे. पहिल्या पानावर डॉलरचा भाव पंचावन्न रुपये आहे, २०१८ च्या उन्हाळ्यातल्या पानावर तो अडुसष्ट आहे, आणि आज तो नव्वदीच्या आसपास आहे. फी डॉलरमध्ये ठरलेली आणि वडिलांचा पगार रुपयांत, त्यामुळे विद्यापीठाने फी न वाढवताही आमची फी वाढत गेली. विमानभाडे, व्हिसा, विमा, परत आल्यावर दिल्लीतला शिकवणीवर्ग आणि तिथली खोली हे सगळे धरून माहितीपत्रकातल्या अठरा लाखांचे सत्तावीस लाख झाले.

घरच्या चर्चेत दोन पक्ष असतात. एक म्हणतो, देशातल्या खासगी अभिमत विद्यापीठात वर्षाला वीस लाखांच्या पुढे मोजण्यापेक्षा बाहेर जाणे शहाणपणाचे. दुसरा म्हणतो, बाहेर शिकून आलेले डॉक्टर कच्चे असतात, आणि पुरावा म्हणून परदेशातून पदवी घेऊन आलेल्यांना भारतातल्या परवान्यासाठी द्याव्या लागणाऱ्या एफएमजीई या परीक्षेचा निकाल दाखवतो. तीनशेपैकी दीडशे गुण लागणाऱ्या या परीक्षेत बहुतेक वेळा तीस टक्क्यांपेक्षा कमी उमेदवार उत्तीर्ण होतात, हे खरे आहे. पण त्यावरून मुलांना मठ्ठ ठरवणे मला अन्यायाचे वाटते. २०२४ मध्ये ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा देणाऱ्यांची संख्या तेवीस लाखांवर होती आणि देशात एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या पुढे होत्या; एवढ्या अरुंद दारातून जे आत येऊ शकले नाहीत, ते सगळे अभ्यासात कच्चे नव्हते.

कच्चेपणा कुठून येतो, ते मी वॉर्डात पाहिले आहे. आमचे वर्ग इंग्रजीत होत, पण रुग्ण रशियन बोलत. तिसऱ्या वर्षी एक वृद्ध बाई पाव तास मला आपल्या पोटदुखीची हकिकत सांगत होती आणि मला त्यातला "बलीत", म्हणजे "दुखतं", एवढा एकच शब्द कळला. मी मान हलवत राहिलो. शेवटी तिने माझा हात धरून स्वतःच्या बरगडीखाली ठेवला. विद्यापीठाने इंग्रजी माध्यम दिले होते, पण रुग्णाशी बोलण्याची भाषा शिकवली नव्हती, आणि तिच्याविना वैद्यकी शिकता येत नाही. सर्पदंश आणि डेंग्यू तर मी पुस्तकातच वाचले. हे रुग्ण प्रत्यक्ष पाहिले ते भारतात इंटर्नशिप करताना.

तेव्हापासून नियम अधिक कडक झाले आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमातून, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, त्या देशात तिथल्या नागरिकांप्रमाणे व्यवसाय करण्याची पात्रता, त्यानंतर भारतातली परीक्षा आणि पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप असे सर्व काही दहा वर्षांच्या आत पूर्ण व्हावे लागते. फिलिपाइन्समधला चार वर्षांचा एमडी, म्हणजे तिथली मूळ वैद्यकीय पदवी, याच ५४ महिन्यांच्या अटीत अडकला. २०२२ मध्ये युक्रेनमधून हजारो मुले अर्धवट शिक्षण घेऊन परतली, तेव्हा वर्षे वाया जाण्याची किंमत काय असते ते सर्वांनी पाहिले. देशात साडेपाच वर्षांत जे पुरे होते, त्याला या वाटेने सगळे सुरळीत झाले तरी साडेसात-आठ वर्षे लागतात. त्या दोन-अडीच वर्षांची बुडालेली कमाईही मी खर्चातच धरतो.

मग जर्मनीत फुकट आहे ना, तिकडेच का नाही, असे नाशिकहून हमखास विचारले जाते. इथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, हे खरे आहे. माझ्या वॉर्डात शेवटच्या वर्षाची जी मुलगी काम करते, ती सहामाहीला काही शे युरो भरते. पण वैद्यकीय शिक्षण जर्मन भाषेत असते, त्यासाठी भाषेची सी-१, म्हणजे प्रगत, पातळी लागते, आपल्या नुसत्या बारावीवर थेट प्रवेश मिळत नाही आणि व्हिसासाठी वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे सुमारे बारा लाख रुपये, खात्यात दाखवावे लागतात. शिवाय जर्मन माध्यमातली पदवी आयोगाच्या इंग्रजीच्या अटीत बसत नाही, म्हणून जिला निफाडला दवाखाना टाकायचा आहे तिच्यासाठी ही वाट फुकट असूनही बंद आहे. जिला जर्मनीतच राहायचे आहे तिच्यासाठी मात्र ती उत्तम आहे, आणि रुग्णाची भाषा पहिल्या दिवसापासून शिकावी लागते हा तिचा मोठा गुण आहे.

म्हणून देश किंवा फी यांच्या आधी, मुलगी रुग्ण कुठे तपासणार हे ठरले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. पुतणीला मी फोनवर हेच विचारले. ती म्हणाली, "काका, मला इथंच राहायचंय." तसे असेल तर मी एक वर्ष पुन्हा ‘नीट’ द्यायला सांगेन. नाशिकमध्येच म्हसरूळला राज्याच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आहे, आणि आमच्या शहरात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू व्हायला २०२४ साल उजाडले. तिथली फी बागेच्या एका हंगामातून भरता येते.

आतेभावाला हे पटलेले नाही. वर्ष गेले तर मुलगी खचेल, अशी त्याला भीती वाटते आणि ती खोटी नाही. म्हणून मी त्याला सल्लागाराकडून तीन गोष्टी लेखी मागायला सांगितल्या आहेत: इंटर्नशिप त्याच संस्थेत होईल याची हमी, पदवीनंतर त्या देशात व्यवसायाचा परवाना मिळतो याचा दाखला, आणि त्या महाविद्यालयाच्या मुलांचा एफएमजीईचा निकाल. पहिले पत्र आले आहे. उरलेली दोन येईपर्यंत बागेचा इसार घेऊ नकोस, एवढे त्याने माझे ऐकले आहे.