दोघंच जाऊ, दोर आहे माझ्याकडे

अमेरिकेतल्या माउंट बेकरची उंची 3286 मीटर, आपल्या कळसूबाईची 1646. दोन कळसूबाई एकीवर एक रचल्या की झालं. कॉलेजात असताना ज्यानं कळसूबाई फ्लोटर्समध्ये केली, त्यानं सिएटलहून तीनेक तासांवरच्या डोंगराला घाबरावं म्हणजे कमाल आहे. वाटेत हिमनद्या लागतात खऱ्या, पण फोटोत त्या सपाटच दिसतात. तेव्हा या उन्हाळ्यात जाच. फक्त खाली सांगितलंय ते तंतोतंत पाळा.

आधी जोडीदाराचं बघू. दोघंच जा. एका दोरावर तिघं-चौघं असले की हिमनदीच्या भेगेत पडलेल्याचं वजन वरचे सगळे वाटून घेतात, एकजण धरून ठेवतो आणि दुसरा मोकळ्या हातांनी अँकर, म्हणजे दोर अडकवायचा पक्का आधार, करतो. यात कुणाचाच कस लागत नाही. दोघांच्या दोरावर मात्र वर उरतो तो एकटा. त्यानंच पडणाऱ्याला थांबवायचं, बर्फाच्या कुऱ्हाडीवर पालथं पडल्या पडल्या बर्फ खणायचा, त्यात पिकेट (धातूचा लांब खुंटा) पुरायचा, जोडीदाराचं वजन आपल्या कमरेवरून त्या पिकेटवर सोपवायचं आणि मग उठून त्याला ओढून काढायचं. म्हणून जाणती माणसं पहिल्या हिमनदीला दोघांनी जात नाहीत, गेलीच तर दुसऱ्या जोडीच्या सोबतीनं जातात. पण "तिसरा आला की वेग कमी होतो" हे तुम्ही आधीच ठरवलंय, आणि वेगाचं महत्त्व आम्ही काय सांगावं.

जोडीदार निवडताना दोनच प्रश्न विचारा: गाडी तुझी का, आणि शुक्रवारी सुट्टी टाकशील का. प्रुसिकची गाठ (भार आला की दोरावर आवळणारी) हातमोजे घालून बांधता येते का, असलं काही विचारू नका. तोही तुम्हाला विचारायचा. नवरा-बायको जात असतील तर घरचा क्रम तसाच ठेवा: 85 किलोचे पुढे, 55 किलोच्या मागे. हलक्या माणसाखाली भेगेवरचा हिमपूल टिकण्याची शक्यता जास्त आणि जड माणसाला हलक्याला अडवणं सोपं, म्हणून चढताना हलका पुढे असावा, असं शिकवतात. शिकवोत बापडे. पुढच्याचा मान काही वजनावर ठरत नाही.

मार्ग त्याच नावांच्या दोन हिमनद्यांवरून जाणारा कोलमन-डेमिंगच घ्या, सगळे तोच घेतात. एडमंड कोलमन 1866 मध्ये या डोंगरावरून दोनदा हात हलवत परतला आणि 1868 च्या ऑगस्टमध्ये तिसऱ्या खेपेला माथ्यावर पोचला. त्याला वेळ होता. तुम्हाला सोमवारी सकाळी मीटिंग आहे, त्यामुळे तुम्ही पहिल्याच खेपेला पोचाल. ग्लेशियर नावाच्या गावात रेंजर ठाणं लागतं. तिथे मोहिमेची नोंद करता येते, पण ती ऐच्छिक आहे, आणि ऐच्छिक गोष्टींचं आपण काय करतो हे ठाऊकच आहे. विष्ठा खाली आणायच्या निळ्या पिशव्याही तिथे विचारा. त्या मात्र घ्याच, विनोद करत नाही. तंबूच्या तळावर प्यायचं पाणी त्याच बर्फाचं होतं.

आता दोर. 60 मीटरचा, पाण्याला दाद न देणारा, 8 ते 9 मिलिमीटर जाडीचा. दोघांमध्ये 12 ते 15 मीटर अंतर ठेवायचं आणि उरलेला दोर निम्मा निम्मा दोघांच्या सॅकमध्ये. मधल्या भागात दीड-दोन मीटरवर एक अशा चार-पाच बटरफ्लाय गाठी मारतात. एकजण पडला की दोर भेगेच्या ओठात, म्हणजे वरच्या कडेत, कापत जातो, तिथे एखादी गाठ अडकते आणि धक्का वरच्यापर्यंत पुरा पोचत नाही. मऊ बर्फात या गाठी फार उपयोगी, कडक बर्फावर जवळजवळ निरुपयोगी. तुम्ही मारू नका, दोर देखणा दिसत नाही.

किंवा मारा, पण मग पुढचं गणित डोंगरावरच करायचं ठेवा. गाठी पुलीतून जात नाहीत. वर ओठाशी रुतलेला तो दोर ओढून माणूस वर येत नाही. म्हणून सॅकमधला मोकळा दोर खाली सोडावा लागतो. 60 मधून 15 गेले, उरलेल्या 45 चे दोन भाग, म्हणजे तुमच्या वाट्याला साडेबावीस मीटर. त्याचा दुपदरी फास सोडायचा तर तो जेमतेम दहा मीटर पोचतो आणि जोडीदार कदाचित पंधरावर लटकतोय. अशा वेळी एकेरी दोर सोडून वर पुल्यांची तीनास एक ओढणी लावायची असते. शिवाय ती कशी लावायची हे बागेतल्या झाडाला दोर बांधून, दुसऱ्या टोकाला खरं माणूस लटकवून आधी करून बघायचं असतं. पण शेजारी काय म्हणतील? त्यापेक्षा व्हिडिओ बघा. दीडपट वेगानं.

तीनास एक म्हणजे 80 किलोचा माणूस 27 किलो जोरात वर, हे कागदावर. पुलीऐवजी कॅरॅबिनर (नुसती कडी) वापरला, दोर ओठात रुतलेला राहू दिला, की निम्मा जोर घर्षणातच जातो. दोराखाली कुऱ्हाडीचा दांडा किंवा रिकामी सॅक सरकवली तर तो रुतत नाही. ती सरकवायला कडेपर्यंत जाताना स्वतःला अँकरला बांधून घ्यायचं असतं. तुम्ही तसेच जा आणि डोकावून विचारा, "काय रे, लागलं का?"

पिकेटबद्दल एवढंच, की तो खुंटीसारखा उभा ठोकायला सोपा असतो. उन्हानं भुसभुशीत झालेल्या बर्फात उभा पिकेट भाराखाली तसाच उपटून येतो, म्हणून भाराच्या दिशेला आडवा, निदान 40 सेंटिमीटर खोल चर खणून तो पुरतात आणि स्लिंगसाठी (दोर जोडायच्या पट्ट्यासाठी) चराच्या मधोमध एक अरुंद खाच काढतात. एका हाताने खणताना दुसऱ्याने कुऱ्हाड धरून जोडीदाराचं वजन पेलायचं आहे. पिकेट अर्थात सॅकच्या तळाशी, तंबूच्या खाली ठेवा. दोघांत मिळून एकच घेतला असेल तर तो पुढच्याकडे द्या, म्हणजे तो भेगेत जाताना पिकेटही घेऊन जाईल.

जो पडतो, त्याच्यासाठीही काही सूचना. 18 किलोची सॅक पाठीवर असेल तर नुसत्या कंबरेच्या हार्नेसवर माणूस मागे कलंडतो, डोकं खाली पाय वर. सॅक एका स्लिंगने दोराला आधीच जोडलेली असली तर ती काढून खाली लोंबकळत सोडता येते. तुम्ही जोडू नका, फेकून द्या. जाकीट तिच्यातच असेल. वर ऊन असल्यामुळे तुम्ही टीशर्टवर होतात आणि भेगेत शीतकपाटाची हवा आहे. दोन प्रुसिक चालतानाच दोरावर बांधून ठेवलेले असते तर दोरावरून स्वतःच चढून येता आलं असतं. ते घरी खुंटीवर छान दिसतात.

चालताना दोर सैल ठेवा. तो बर्फाला जेमतेम टेकेल इतका ताठ ठेवला की पुढच्याला सारखं थांबावं लागतं, आणि मग भांडणं होतात. त्यापेक्षा दोन-तीन वेटोळी हातात धरा. जितका दोर सैल तितका पडणारा जास्त वेगात, आणि तेवढाच मोठा हिसका तुम्हाला. गप्पा मारायला शेजारी शेजारी, भेगेला समांतर चाला. एकच लांबलचक भेग असेल तर दोघंही एकाच वेळी तिच्यावर असाल. दोर भेगांना काटकोनात ठेवायचा, बर्फावर किंचित खोलगट पट्टा किंवा वेगळी छटा दिसली की दांड्याने टोचून बघायचं, हे नियम संशयी लोकांचे. या डोंगराच्या कुशीतल्या स्की क्षेत्रात 1998-99 च्या मोसमात 1140 इंच, म्हणजे जवळजवळ 29 मीटर बर्फ पडला होता. इतक्या बर्फाखाली काय काय झाकलं जातं, याचा विचार कशाला?

निघायची वेळ सकाळी आठ, चहा-पोहे झाल्यावर. इतर लोक 1800 मीटरच्या आसपासच्या तळावरून रात्री एक-दोनला निघतात, कारण रात्री गोठलेले हिमपूल दुपारच्या आत मागे टाकायचे असतात. त्यांना झोप नाही येत. कोलफॅक्स शिखराच्या खालून जाताना वाट जरा सपाट होते. तिथेच बसून चिवडा खा. वर लटकलेले हिमखंड अधूनमधून तिथवरच येतात, आणि फोटोला पार्श्वभूमी हवीच. खिंडीनंतर डेमिंग हिमनदी. "जुलैत कुठले हिमप्रपात?" असं जोडीदाराला ठणकावून सांगा. 22 जुलै 1939 ला याच बाजूला सहा जण हिमप्रपातात गेले, ते सांगू नका.

मग रोमन वॉल, साधारण 35 ते 40 अंशांचा उतार. इथे दोराचं खरं प्रेम कळतं. मधे एकही पिकेट न लावता, कडक बर्फावर दोघं एकमेकांना बांधलेले: एक घसरला की दुसरा जातोच. भेगा नसलेल्या टप्प्यात एकतर दोर सोडायचा नाहीतर पिकेट लावत जायचं, या दोन्हीतलं काहीतरी करतात. तुम्ही मधला मार्ग काढा, दोर राहू द्या आणि पिकेट नको. क्रॅम्पॉनखाली (बुटांना बांधायच्या काट्यांखाली) बर्फाचे गोळे साचले तर झटकू नका, उंची वाढते. आणि वॉल संपली की मिठ्या मारून सेल्फी टाकून मोकळे व्हा. खरा माथा पठाराच्या पार पलीकडच्या टोकाचा उंचवटा आहे, पण फोटोत तो फरक कळत नाही.

नाकपुड्यांच्या आत आणि टाळूला सनस्क्रीन लावणारी माणसं तुम्हाला वेडी वाटली होती. बर्फावरचं ऊन खालून येतं आणि चढताना तोंड उघडं असतं. हे तुम्हाला सोमवारी मिसळीच्या पहिल्या घासाला कळेल.

उतरताना बसून घसरा. क्रॅम्पॉन काढायचा कंटाळा येईल, तसेच राहू द्या. एक टोक बर्फात अडकलं की पाय थांबतो, बाकीचे तुम्ही पुढे जाता, आणि घोट्याचं हाड त्या दोघांच्या मधे असतं.

शेवटी हेलिओट्रोप रिजच्या पायवाटेवरचे ओढे. पहाटे घोट्याइतके असतात, दिवसभराचं वितळलेलं पाणी आलं की दुपारी गुडघ्याच्या वर, राखाडी आणि तळ न दिसणारे. शहाणे लोक ओढ्याच्या अलीकडेच तंबू ठोकून पहाटेची वाट बघतात. तुम्ही सॅकचा कंबरपट्टा करकचून आवळा आणि हिमनदीनंतर सॅकमध्ये टाकलेला दोर इथे मात्र आवर्जून बांधा. पाय निसटला की तो तुम्हाला धारेतच धरून ठेवेल आणि पाणी डोक्यावरून जाईल. काठावरचा जोडीदार मात्र दोर सोडणार नाही. निघताना त्याला तेवढं एकच शिकवलं होतंत.