आमच्या आजीचा टीव्ही आणि ८० पैसे

विजेच्या बिलावरच्या एका लेखात म्हटलंय, स्मार्ट मीटर (वापराची नोंद मोबाइल नेटवर्कवरून आपोआप वीज कंपनीला पाठवणारा मीटर) घ्या, दिवसाची वीज स्वस्त मिळेल. बरोबर आहे, जुलै 2025 पासून महावितरणच्या स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकालाही सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापरावर सवलत सुरू झाली, तेव्हा ती युनिटमागे 80 पैसे होती. पण हिशेब करून बघा की!

आमचं घर देवगडजवळ. विहिरीवर एक एचपीचा पंप. पूर्वी आई पहाटे पाचलाच टाकी भरायची, आता नाश्ता आटोपून साडेनऊला बटण दाबते. तासभर चालला तर धरा पाऊण-एक युनिट, म्हणजे 80 पैशांनी महिन्याला अठरा ते चोवीस रुपये वाचले. फ्रिज दिवसरात्र चालतो, त्याचा दिवसाचा वाटा आपोआप स्वस्तात. मिक्सर, इस्त्री दुपारी. बाकी पंखे आणि आजीचा टीव्ही रात्रीचेच, तिला मालिका दुपारी बघा म्हणून कोण सांगणार?

तरीही मी मीटर घेतला, आणि तो 80 पैशांसाठी नाही. शेजारचं घर मुंबईकरांचं, गणपती आणि मे महिना सोडला तर कुलूपबंद. त्यांना एकदा रीडिंग न घेता सरासरीचं, अंदाजाने काढलेलं बिल आलं होतं, कमी करून घ्यायला तीन खेपा. आता रोजचा वापर मोबाइलवर दिसतो. पावसात रेंज गेली तरी मीटर नोंद धरून ठेवतो, नंतर पाठवतो.

ज्यांना मीटर पळतो असं वाटतं, त्यांनी आपल्या मीटरच्या बाजूला चेक मीटर, म्हणजे पडताळणीसाठीचा दुसरा मीटर, लावून मागावा. आम्ही जुनी बिलं मात्र अजून फडताळात जपून ठेवलीयत.